टायरमधील धागा व रबर यांची पकड

ट्रॅक्टरचा टायर केवळ रबराचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः भार पेलतो तो आतील धाग्यांचा थर. पूर्वी हा धागा सुती असे. त्याच्या अंगावरील बारीक तंतू रबरात रुतत व पकड आपोआप बसे. रेयॉन व नायलॉन यांचे धागे गुळगुळीत असल्यामुळे त्यांवर रबर टिकेना. यावर १९३० नंतरच्या दशकात उपाय निघाला. रिसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांची राळ रबराच्या चिकात मिसळून त्यात धागा बुडवावयाचा व तापवून वाळवावयाचा. राळ धाग्यास धरते, चीक रबराशी एकजीव होतो. ज्या टायरांत पोलादी तारांचे पट्टे असतात, तेथे तारांस पितळेचा मुलामा देतात. त्यातील तांबे रबरातील गंधकाशी संयोग पावून पकड घट्ट होते.

ही पकड कारखान्यातच बसते. शेतकऱ्याच्या हाती उरते ते तिचे रक्षण. हवा कमी असताना उसाची जड ट्रॉली ओढल्यास टायर पुनःपुन्हा दबतो, आतून तापतो व थर सुटून बाजूस फुगवटा येतो. असा टायर वरून धड दिसला तरी रस्त्यावर नेऊ नये. तो भरल्या ट्रॉलीखाली फुटण्याचा संभव असतो. कापातून पाणी तारेपर्यंत गेल्यास गंज चढतो, म्हणून काप लहान असतानाच व्हल्कनाइझ करून घ्यावा. गळीत हंगामापूर्वी ग्रामसेवकांनी ट्रॉलीधारकांस टायरच्या बाजूंवरून हात फिरवून पाहण्यास सांगावे.