कबुतराच्या चोचीतलं गणित

भुकेलं कबूतर, समोर दोन बटणं. बटणावर चोच मारली की कधीतरी दाणे मिळतात, पण नेमके कोणत्या क्षणी ते त्याला कळायला मार्ग नाही. एक बटण सरासरी सव्वादोन मिनिटांनी फळतं, दुसरं साडेचार मिनिटांनी. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हर्नस्टाइन यांनी असे प्रयोग 1961 साली प्रसिद्ध केले. दोन्ही बटणांचे मिळून तासाला साधारण 40 वेळा दाणे हा हिशेब त्यांनी कायम ठेवला आणि बटणांमधली वाटणी तेवढी बदलत नेली.

दोन तृतीयांश दाणे एका बटणाकडून मिळत असले, की जवळपास दोन तृतीयांश वेळा चोचही त्याच बटणावर पडायची. वाटणी बदलली की चोचींचं प्रमाणही तिच्यामागोमाग बदलायचं.

कबूतर फायद्याच्या बटणालाच चिकटून का बसलं नाही? कारण कमी फळणाऱ्या बटणाचा घास एकदा तयार झाला, की चोच पडेपर्यंत तसाच थांबून राहायचा. अधूनमधून तिकडे फेरी मारणं फायद्याचंच होतं. मग प्रत्येक चोचीला बटण बदलत राहण्याची सवय लागू नये, म्हणून बदलल्यावर पहिला दीड सेकंद काहीच मिळणार नाही अशी तजवीजही होती.

एखाद्या कृतीनंतर काही हवंसं मिळालं आणि ती कृती वाढली, तर त्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. हर्नस्टाइन ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या बी. एफ. स्किनर यांच्या परंपरेत भर होता तो कृती किती वेगाने घडते हे मोजण्यावर. हर्नस्टाइन यांनी बाजूच्या पर्यायाकडेही पाहायला लावलं. 1970 मध्ये ते आणखी पुढे गेले. बटण एकच असलं तरी कबुतराला पिसं साफ करणं, इकडेतिकडे फिरणं असे उद्योग असतातच आणि त्यांतूनही काहीतरी मिळत असतं. म्हणून एखाद्या कृतीचा जोर तिच्या बक्षिसावर जितका, तितकाच आजूबाजूच्या बक्षिसांवरही अवलंबून असतो. या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

तिची किंमत एका मुलाच्या उदाहरणातून कळते. एडवर्ड कार आणि जॅक मॅकडॉवेल यांनी 1980 मध्ये त्याची हकिकत मांडली. त्वचेच्या विकारामुळे त्याला अंग खाजवायची सवय लागली. विकार बरा झाला तरी खाजवणं थांबेना, अंगावर जखमा होत राहिल्या. आईवडील टोकायचे, रागवायचे. संशोधकांनी मोजलं तेव्हा दिसलं, की रागावण्यातून मिळणारं लक्ष हेच प्रबलन ठरत होतं आणि कृती आणि बक्षिसं यांचं हे नातं मांडणारं हर्नस्टाइन यांचं समीकरण त्या आकड्यांना चपखल बसत होतं. उपचारात जखमा कमी झाल्या की बक्षीस मिळू लागलं, तेव्हा खाजवणं ओसरलं. मूल हट्टी आहे असं म्हणून मोकळं होण्याआधी त्याला लक्ष कशाकशाबद्दल मिळतं ते पाहायला हवं.

मात्र दोन पर्यायांमध्ये बक्षिसांचं आणि कृतींचं प्रमाण तंतोतंत जुळत नाही. विल्यम बॉम यांनी 1974 मध्ये हर्नस्टाइन यांच्या या प्रमाणाच्या नियमाचं सुधारित रूप दिलं. त्यात एक घातांक आहे आणि प्रयोगांत तो बहुधा 1 च्या खाली, 0.8 च्या आसपास येतो. म्हणजे एका बाजूला आठपट बक्षिसं असली तरी कृती तिकडे आठपट वळत नाहीत, सव्वापाचपटीच्या आसपास वळतात. असं का व्हावं?

याच मॅकडॉवेल यांनी पुढे अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात संगणकात एक कृत्रिम प्राणी तयार केला; हे मॉडेल 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्यापाशी 100 संभाव्य कृती असतात. प्रत्येक कृती म्हणजे 0 ते 1023 मधला एक आकडा, दहा शून्य-एकांच्या रूपात लिहिलेला. प्रत्येक क्षणी त्यांतली एक कृती घडते. तिला बक्षीस मिळालं, तर तिच्याशी साधर्म्य असलेल्या कृती जनक होण्याची शक्यता वाढते. बक्षीस नसेल तर जनक कसेही निवडले जातात. दोन जनकांचे शून्य-एक मिसळून नवी कृती जन्मते, थोडं उत्परिवर्तन होतं आणि पुढचा क्षण सुरू होतो. डार्विनची नैसर्गिक निवड इथे एकाच जिवाच्या वर्तनात चालते. स्किनर यांनीही परिणामांमुळे होणाऱ्या या निवडीवर 1981 मध्ये लिहिलं होतं.

या प्राण्याला दोन पर्याय दिले तेव्हा घातांक 0.8 च्या जवळपास आला. प्रोग्रॅममध्ये प्रमाण राखण्याची सूचना नव्हती, कुठल्या पर्यायाने किती दिलं याची नोंदही ठेवलेली नव्हती. हे वाचताना थक्क व्हायला होतं. कबुतराला अपूर्णांक येतात असं मानण्याची गरजच उरत नाही. निवड, संकर आणि उत्परिवर्तन एवढ्यावर तेच प्रमाण उभं राहतं.

खऱ्या मेंदूत अशा 100 कृतींचा साठा कुठे असतो, ते हे मॉडेल सांगत नाही. मॅकडॉवेल यांनी 2010 मध्ये त्याचा धागा जेराल्ड एडेलमन यांच्या सिद्धांताशी जोडला. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कामासाठी 1972 चं नोबेल मिळवणाऱ्या एडेलमन यांचं म्हणणं होतं, की मेंदूतल्या चेतापेशींच्या गटांमध्येही अशीच निवड होत असते.