मणी लाल निघाले, दोष कुणाचा?

चाकण, सातपूर, वाळूज... कुठल्याही कारखान्यात जा, आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर दिसण्याची शक्यता मोठी. ऑडिट जवळ आलं की रेकॉर्ड पूर्ण होतात, गुणवत्ता धोरण पाठ केलं जातं. पण कंट्रोल चार्टवरच्या त्या वरच्या-खालच्या रेषा आल्या कुठून, असं विचारलं तर अनुभवी इंजिनिअरही अनेकदा अडखळतात. या अज्ञानाची किंमत बहुतेक वेळा मशिनवरचा ऑपरेटर मोजतो.

त्या रेषांचा जन्म १६ मे १९२४ चा. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत वॉल्टर शेवार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या साहेबांना एक छोटंसं टिपण दिलं. सोबत एक आकृती होती, म्हणजेच पहिला कंट्रोल चार्ट. तोवरची रीत म्हणजे माल आधी बनवायचा, मग तपासायचा आणि खराब निघेल तो बाजूला काढायचा. शेवार्टने सांगितलं, की चढउतार प्रत्येक कामात असतोच. रेषांच्या आतला चढउतार कामाच्या पद्धतीतच मुरलेला असतो. मोजमापाचा बिंदू रेषेबाहेर गेला तर मात्र कारण शोधायचं: टूल झिजलं का, कच्चा माल बदलला का?

हाच विचार अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या व्याख्यानांत मण्यांनी दाखवत. डब्यात सुमारे ४००० मणी, त्यांतले ८०० लाल. श्रोत्यांमधून 'कामगार' निवडायचे. प्रत्येकाने ५० खळगे असलेली पाटी डब्यात बुडवून मणी उचलायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्शन. कुणाच्या पाटीत सात लाल येत, कुणाच्या तेरा. फोरमन झालेले डेमिंग सातवाल्याची पाठ थोपटत, तेरावाल्याला झापत, शेवटी काहींना कामावरून काढत. सरासरी मात्र दहाच्या आसपासच राहायची, कारण डब्यातले वीस टक्के मणी लालच होते. डबा भरणारं व्यवस्थापन, आणि बोलणी खाणार पाटी धरणारा! दर महिन्याला ऑपरेटरांची क्रमवारी लावणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी तक्त्यांत हेच घडतं.

१९५० साली डेमिंग यांनी जपानमध्ये व्याख्यानं दिली, तेव्हा बड्या कंपन्यांचे प्रमुख स्वतः समोर बसले होते. व्याख्यानांच्या पुस्तकाचं मानधन डेमिंग यांनी घेतलं नाही. त्या पैशातून १९५१ मध्ये गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार सुरू झाला. त्यांच्या मायदेशाला त्यांची खरी ओळख पटली ती १९८० च्या जूनमध्ये, एनबीसी या टीव्ही वाहिनीवरच्या एका माहितीपटामुळे. मग फोर्डनेही त्यांना बोलावून घेतलं.

आणि भारत? डेमिंग यांच्या त्या व्याख्यानांच्याही आधी, १९४७-४८ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द शेवार्ट इथे आले होते, देशभर फिरले होते. म्हणजे ज्ञान दाराशी वेळेवर पोचलं होतं. तरीही भारतीय कंपनीला पहिला डेमिंग पुरस्कार मिळायला १९९८ उजाडलं. तो सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने पटकावला. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला तो मिळाला. कांदिवली आणि नागपूरला कारखाने असलेला हा विभाग पुरस्कार मिळवणारा जगातला पहिला ट्रॅक्टर उत्पादक ठरला. इतका उशीर का झाला? जपानात गुणवत्ता मालकांनी शिकून घेतली. आपल्याकडे ती क्यूसी खात्याकडे सोपवून बाकीचे मोकळे झाले.

नोव्हेंबरात गुणवत्ता महिन्याची पोस्टरं लागतील. सोबत तासभर काढून मण्यांचा हा प्रयोग आपल्या शॉप फ्लोअरवर जरूर करा, आणि पाटी धरायला प्लँट मॅनेजरसाहेबांना बोलवा.