बंगळूरची रात्र आणि परतीची वाट

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे आठ-पंधरा दिवसांसाठी राहावयास जाणारी मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत. दिवस कचेरीत घालवून मुले सायंकाळी घरी परततात आणि विचारतात, "आज रात्री शहरात जाऊ या का?" तेथे आपल्याजोगे काय असेल, अशी शंका वडीलधाऱ्यांच्या मनात येते. धाकट्या भावंडांना मात्र तेथील नाचघरांविषयी विलक्षण कुतूहल असते. या दोघांनाही उपयोगी पडावे, म्हणून हे चार शब्द.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर आहे. कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या सुमारे ३३२ एकर जमिनीवर, कर्नाटक सरकारच्या 'किऑनिक्स' या महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती वसविली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. येथील इमारतींतील दिवे रात्रभर जळत असतात. कारण आपली सायंकाळ होते तेव्हा अमेरिकेत कचेऱ्या उघडतात. पाळीच्या मोटारी, त्यांत डुलक्या घेणारी तरुण मंडळी आणि कोपऱ्यावरची चहाची गाडी, हेच येथील खरे रात्रिजीवन म्हणावयास हवे. करमणुकीची नावाजलेली ठिकाणे मात्र येथून दूर आहेत. महात्मा गांधी रस्ता सुमारे वीस किलोमीटरांवर आहे, कोरमंगल त्यामानाने जवळ.

या शहराला रात्रीची हौस आज लागलेली नाही. १८०९ मध्ये येथे इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्यामागोमाग क्लब, नृत्याचे दिवाणखाने आणि मद्यगृहे आली. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर क्लबाच्या जुन्या वहीत तरुण विन्स्टन चर्चिल यांच्या नावावर तेरा रुपयांची बुडीत बाकी अजून दाखवितात! पुढे १९८० च्या दशकात छावणीच्या याच भागात 'पब' निघू लागले आणि शहराला तीच ओळख चिकटली. आज चर्च स्ट्रीट, ब्रिगेड रस्ता, इंदिरानगरचा शंभर फुटी रस्ता आणि कोरमंगल हे रात्रीच्या गर्दीचे मुख्य भाग आहेत. आत जाताना वयाचा पुरावा जवळ असावा, कारण येथे मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. शनिवारच्या रात्री कित्येक ठिकाणी एकट्या पुरुषांना प्रवेश नाकारतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

नवख्या पाहुण्याला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. एखाद्या ठिकाणी गाणे कानठळ्या बसविते, पण पाऊल कोणी थिरकवीत नाही. याचे मूळ कायद्यात आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागी वाद्यवृंद किंवा नृत्य ठेवावयाचे असेल, तर पोलिसांचा परवाना घ्यावा, असा आदेश शहरात २००५ मध्ये निघाला. २००८ च्या सुमारास त्याची अंमलबजावणी कडक झाली. उपाहारगृहांच्या चालकांनी दाद मागितली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जानेवारीत तो आदेश उचलून धरला. म्हणून नाचावयाचेच असेल, तर त्या जागेस तसा परवाना आहे काय, हे पाहावे. बंद होण्याच्या वेळेचाही असाच इतिहास आहे. पूर्वी साडेअकराला दारे लागत. २०१४ मध्ये आठवड्याच्या दोन रात्री एक वाजेपर्यंत मुभा मिळाली आणि २०१६ मध्ये ती सर्व दिवसांना लागू झाली.

खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. एक वाजता दारे बंद होतात आणि शे-दोनशे माणसे एकदम रस्त्यावर येतात. मेट्रो मात्र त्याच्या बरीच आधी थांबलेली असते. १० ऑगस्ट २०२५ रोजी पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटी मेट्रोने जोडली गेली आहे, ही मोठीच सोय झाली. परंतु महात्मा गांधी रस्त्यावरून परतताना मजेस्टिकला आणि पुन्हा राष्ट्रीय विद्यालय रस्त्याला, अशी दोनदा गाडी बदलावी लागते. पहिली गाडी मिळाली आणि पिवळ्या मार्गावरची शेवटची गाडी सुटून गेली, असे सहज घडते. तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ इलेक्ट्रॉनिक सिटीच्या स्थानकातून निघतानाच विचारावी आणि त्यात अर्ध्या तासाची सवड धरावी. त्याहून उशीर होणार असेल, तर मोटार आधी ठरवून ठेवावी. २०१० पासून होसूर रस्त्यावर सुमारे दहा किलोमीटरांचा उन्नत मार्ग आहे; पथकर द्यावा लागतो, पण रात्री वेळ पुष्कळ वाचतो.

मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये, हे सांगावयास नको. तरी कायदा ठाऊक असावा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमांहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मुलींच्या आईवडिलांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. २०१६ च्या अखेरच्या रात्री महात्मा गांधी रस्ता आणि ब्रिगेड रस्ता येथील गर्दीत स्त्रियांची छेड काढल्याचे प्रकार घडले. त्या वेळी काही जबाबदार माणसांनीही मुलींच्या पोशाखाकडे बोट दाखविले. आमच्या मते हे सर्वस्वी गैर होते. दोष हात उगारणाऱ्यांचा असतो. मुलीला घरात बसविणे हा काही उपाय नव्हे. ती कोणाबरोबर गेली आहे आणि कोणत्या वाहनाने परतणार आहे, हे घरात ठाऊक असावे; मुलाच्या बाबतीतही तोच नियम ठेवावा. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरविताच पोलिसांशी संपर्क साधता येतो.

ज्यांना या गोंगाटात रस नाही, त्यांची रात्रही येथे कोरडी जात नाही. जयप्रकाश नगरात 'रंगशंकर' हे नाट्यगृह आहे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवरही काम केलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या खटपटीतून ते उभे राहिले आणि २००४ मध्ये उघडले. नाटक ठरल्या वेळी सुरू होते आणि मागाहून येणाऱ्यास आत घेत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. आपल्याकडच्या नाट्यगृहांनी उचलावी अशीच ही शिस्त! येथील साबुदाणा वडाही प्रसिद्ध आहे, तेव्हा थोडे आधीच पोहोचावे. हे नाट्यगृह पिवळ्या मार्गाच्या बाजूलाच पडत असल्याने नाटक संपल्यावर परतणे सुलभ जाते.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येथे असाल, तर करगा अवश्य पाहावा. मध्यरात्रीनंतर धर्मरायस्वामींच्या देवळातून द्रौपदीच्या नावाची ही मिरवणूक निघते. तिगळ समाजातील पुजारी स्त्रीवेष धारण करून, डोक्यावर फुलांचा उंच मनोरा हात न लावता तोलीत, जुन्या पेठांतून नाचत जातो. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट दिली जाते. पेठांतले रस्ते अरुंद आणि गर्दी अफाट. म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये, चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधी ठरवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्याने मात्र त्या रात्री घरीच झोपावे.