अंश सापडतो, छेद मोजावा लागतो

२ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध छापून आला. १८१२ पासून बॉस्टनहून निघणारं हे नियतकालिक. त्यात एकदा नाव आलं की मोठमोठ्या इस्पितळांतले डॉक्टर जन्मभर ते सांगत राहतात. या निबंधावर दीड डझन नावं होती. पहिलं रंगस्वामी शंकरनारायणन यांचं, फ्रान्समधल्या लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले. शेवटचं टाटा मेमोरियलच्या केतायून दिनशॉ यांचं. आणि दुसरं नाव डॉ. भगवान नेने यांचं: नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, बार्शी, जिल्हा सोलापूर. पुढे एम.डी. आणि पीएच.डी.च्या गर्दीत एका नावापुढे नुसतं ‘बी.कॉम.’ लिहिलेलं आहे. त्या यादीत मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा बी.कॉम.

बार्शीला जगाच्या तांत्रिक वाङ्मयात जागा मिळाली ती काही पहिल्यांदाच नव्हे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची गाडी आणली, तेव्हापासून अरुंद रुळांच्या रेल्वेचे अभ्यासक ‘बार्शी लाइट’चं नाव ओळखतात. त्या गाडीच्या आठवणी बार्शीकर आजही रंगवून सांगतात. निबंधाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते तो गाडीपेक्षा लांब गेला.

संशोधकाचं वजन मोजायची हल्लीची मापं ठरलेली आहेत. किती निबंध छापले, ते कुठे छापले आणि पुढे किती जणांनी आपल्या निबंधात त्यांचा हवाला दिला, एवढं पाहतात. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातली निबंधांची संख्या आणि हवाले एकाच आकड्यात बसवले. त्याला एच-निर्देशांक म्हणतात. तुमचा निर्देशांक २० असेल, तर तुमच्या २० निबंधांचा प्रत्येकी निदान २० वेळा हवाला दिला गेला आहे. नेमणुका, बढत्या, अनुदानं, सगळीकडे हा आकडा विचारतात. या मापाने पाहिलं तरी बार्शीचा निबंध दणदणीत पास होतो, कारण हजाराहून अधिक शोधनिबंधांनी त्याचा हवाला दिला आहे. पण तो ज्याच्यावर उभा आहे, ते काम कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही. ते काम म्हणजे मोजणी.

कॅन्सर किती आहे हे सांगायला काय लागतं? इस्पितळाला विचारलं तर ते दारात आलेल्या रुग्णांची संख्या सांगेल. हा झाला अंश. तो कुठल्याही वहीत सापडतो. पण हे रुग्ण किती माणसांमधून आले, आणि जे आलेच नाहीत ते किती? छेद माहीत नसेल तर अंशाला काही अर्थ नाही. म्हणून एक ठरावीक प्रदेश घ्यायचा, तिथली सगळी लोकसंख्या घ्यायची आणि त्यातला प्रत्येक कॅन्सर नोंदवायचा. याला लोकसंख्याधिष्ठित नोंदणी म्हणतात. देशातली अशी पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. शहरात निदान माग काढता येतो. इस्पितळांच्या फायली असतात, पॅथॉलॉजीच्या लॅब असतात, मृत्यूचे दाखले असतात. पण खेड्यात यातलं काय होतं? माणूस ‘पोटात गाठ होऊन’ जायचा, बाई ‘अंगावरून जाऊन जाऊन’ खंगायची, आणि कागद कुठेच उमटायचा नाही.

१९८७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका, आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम. हा कोरडवाहू मुलूख. इथे कागद माणसापर्यंत येणार नव्हता, तेव्हा माणसालाच कागद घेऊन जावं लागलं. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत. सरपंच, शिक्षक, नर्सबाई यांना भेटत, लोकांना गोळा करून कॅन्सरची लक्षणं समजावून सांगत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय का, तोंडातला व्रण भरत नाही का, छातीत गाठ लागते का, असं विचारत. संशय आला तर त्या माणसाला बार्शीच्या इस्पितळात तपासणीला आणत. मग काही काळाने पुन्हा त्याच गावात जात.

या कामामागच्या अभ्यासकांमध्ये एक नाव कस्तुरी जयंत यांचं आहे. मुंबईत असताना १९७७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये त्यांचा सहकाऱ्यांबरोबरचा निबंध आला होता. धूम्रपान आणि तंबाखू चघळणं यांचा तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये नेमका किती वाटा, हे त्यात आकड्यांत मांडलं होतं. बार्शीच्या नोंदणीवरच्या निबंधांत त्यांचं नाव वर्षानुवर्षं भेटत राहतं.

मोजणीतून पहिलं आश्चर्य निघालं ते असं, की इथला एकूण कॅन्सर मुंबईच्या मानाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पुढेही या पट्ट्यात हे दिसत राहिलं. राष्ट्रीय नोंदणीच्या २०१२ ते २०१६ च्या आकड्यांत उस्मानाबाद-बीडच्या पुरुषांचा वयानुसार समायोजित दर लाखामागे ३९.५ होता, देशातल्या नोंदण्यांत सगळ्यात कमी. मिझोराममधल्या ऐझॉलच्या पुरुषांचा २६९.४. एकाच देशात जवळजवळ सातपट फरक! पण एकूण दर कमी असला, तरी बार्शीच्या बायकांमध्ये एक कॅन्सर ठळकपणे वर होता. तो गर्भाशयमुखाचा, गावाकडे ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात.

दुसरं आश्चर्य मला जास्त मोठं वाटतं. १९९५ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नोंदणीच्या गावांत हा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आहे. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध आलं नव्हतं. मोजणारी माणसं विचारत राहिली, म्हणून बायका लवकर बोलू लागल्या. जे मोजायला गेले होते, तेच मोजण्याने बदललं. शुद्ध विज्ञानाच्या दृष्टीने हा घोटाळाच, पण असे घोटाळे आणखी व्हावेत!

आता २००९ च्या निबंधाकडे येऊ. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. त्याला कारण ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. काहींमध्ये ठाण मांडतो आणि मग दहा-वीस वर्षांत पेशी हळूहळू बिघडत जातात. विषाणूशी असलेलं हे नातं शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. या दहा-वीस वर्षांत बिघाड सापडला, तर थोडक्या उपचाराने बाई वाचते. प्रश्न होता तो शोधायचा कसा? पॅप चाचणीत पेशी काचेवर घेऊन तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. दुसरी पद्धत सगळ्यात स्वस्त: गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावायचं, म्हणजे व्हिनेगरमधलंच, आणि पांढरा डाग उठतो का ते नर्सने डोळ्यांनी पाहायचं. तिसरी म्हणजे विषाणूचा डीएनए थेट शोधणारी एचपीव्ही चाचणी. ती महाग आणि तेव्हा खेड्याच्या आवाक्याबाहेरची.

तिन्हींची तुलना कुठे करायची? त्यासाठी असा भाग हवा, जिथे माणसं घरोघर ओळखीची आहेत आणि प्रत्येक मृत्यूचा माग लागतो. बार्शीच्या चमूकडे नेमकं तेच कौशल्य होतं. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. कुठल्या गटाला कुठली तपासणी हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं. तीन प्रकारच्या गटांना एकेक तपासणी, आणि चौथ्याला एकही नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच करायची होती. मग वर्षानुवर्षं फक्त लक्ष ठेवायचं.

निकालाच्या तक्त्यातली पहिली ओळ वाचून कुणीही चक्रावेल. एचपीव्ही चाचणीच्या गटात कॅन्सर निघाले १२७. तपासणी न झालेल्या गटात ११८. एवढा खटाटोप करून कॅन्सर वाढले की काय? एचपीव्हीचा गट थोडा मोठा होता, ३४,१२६ विरुद्ध ३१,४८८, हे एक कारण. पण खरी गोम अशी, की तपासणीने लपलेले कॅन्सर वर काढले, एरवी जे बऱ्याच उशिरा कळले असते. पुढची ओळ वाचा. पसरलेले, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे किंवा त्यापुढचे कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, तपासणी न झालेल्या गटात ८२. आणि मृत्यू? ३४ विरुद्ध ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने आठ वर्षांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. त्यातही या ३४ मध्ये चाचणीला आल्याच नाहीत अशा बायकाही धरल्या आहेत, कारण हिशोब गटाचा होता, आलेल्यांचा नव्हे.

पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. याच व्हिनेगर पद्धतीने मुंबईत आणि तमिळनाडूतल्या दिंडिगलमध्ये मृत्यू घटल्याचं वेगळ्या चाचण्यांनी दाखवलं आहे, तेव्हा तिला एकदम निकालात काढणं बरोबर नाही. पण एक आकडा निर्णायक ठरला. चाचणीत ‘काही नाही’ असा निर्वाळा मिळालेल्या बायकांपैकी पुढे किती जणींना कॅन्सर झाला? पॅपमध्ये वर्षाला लाखामागे १५.५, व्हिनेगरमध्ये १६, एचपीव्हीमध्ये ३.७. म्हणजे एचपीव्ही चाचणीने ‘काही नाही’ म्हटलं तर बाई पुढची कित्येक वर्षं निर्धास्त राहू शकते. वर्षाला डॉक्टर गाठू न शकणाऱ्या बाईला आणखी काय हवं? त्याच अंकात या निबंधावर संपादकीय आलं. त्याच्या मथळ्याचा आशय होता, भारताकडून जगाला मिळालेला अधिक चांगला मार्ग.

पण त्या ६४ जणींवरून पुढे मोठा वाद झाला. पॅप चाचणीने जीव वाचतात हे जगाला आधीच माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवणं नीतीला धरून होतं का? ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये हा प्रश्न कडक शब्दांत विचारला गेला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या काळी त्या भागात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं हेच होतं, आणि तुलनेशिवाय पुरावा उभा राहत नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि दोन्हींनी समाधान होत नाही. प्रयोगाची प्रशंसा करणाऱ्याने तो ६४ चा आकडा मोठ्याने वाचावा, एवढं तरी हवंच.

परिणाम म्हणाल तर २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. या कॅन्सरच्या निर्मूलनाच्या धोरणात ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा अशी चाचणी धरली आहे. आयुष्यात मोजक्या वेळा केलेली चाचणीही पुरते या विश्वासाला उस्मानाबादच्या गावांचा मोठा आधार आहे.

बार्शीचं इस्पितळ आणखी एका कहाणीत आहे. २००९ साली एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे तपासायला देशभरातल्या केंद्रांवर मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. त्यातलं एक केंद्र बार्शी. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसप्रकल्पावरून गदारोळ झाला आणि सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं. अभ्यास मोडला. १७,७२९ मुलींपैकी ४,९५० जणींना एकच डोस मिळून काम तिथेच अडकलं. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही. वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला: चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, तीन डोसांचं ९३.३. म्हणजे फरक नाहीच! मुद्दाम असा प्रयोग करायला त्या वेळी कोण धजावलं असतं? २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलींना एक डोसही चालेल असं जाहीर केलं, त्यात या अर्धवट राहिलेल्या मुलींचा पुरावाही होता. तेवढ्याच कुप्यांत आता दुपटीने मुलींना लस देता येते.

आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. बायका लाजतात, येतच नाहीत, असं कारण यावर हमखास ऐकायला मिळतं. त्याचं उत्तर नेने, जयंत आणि सहकाऱ्यांनी २००७ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये छापून ठेवलं आहे. उस्मानाबादच्या गावांत १९९९ ते २००३ या काळात, आशाताई नव्हत्या तेव्हा, चमू गावात जाऊन बोलावत होता. बोलावलेल्या बायकांपैकी शंभरात सुमारे ७९ जणी आल्या होत्या.