यूट्यूब
आंतरजालावर चित्रफिती ठेवण्याची व पाहण्याची सोय पुरविणारी अमेरिकन सेवा. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन व जावेद करीम यांनी ती २००५ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात सुरू केली. २००६ मध्ये गूगल कंपनीने १६५ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन ती विकत घेतली. जाहिराती हे तिच्या उत्पन्नाचे मुख्य साधन असून २००७ पासून निवडक निर्मात्यांना त्यात वाटा मिळू लागला.

वृत्तपत्रातील मजकूर प्रसिद्धीपूर्वी संपादक पारखतो. येथे ही पारख बहुतांशी प्रसिद्धीनंतर होते. त्यामुळे संग्रह झपाट्याने वाढतो. २०१९ च्या सुमारास त्यात दर मिनिटाला सु. ५०० तासांच्या चित्रफितींची भर पडत होती. एवढा साठा माणसांनी पाहून निवडणे अशक्य असल्याने कोणती चित्रफीत प्रेक्षकापुढे ठेवावयाची, हे मुख्यतः संगणकीय शिफारस-पद्धती ठरविते. साहजिकच ही पद्धती जे मोजते, ते पुरविण्याकडे निर्मात्यांचा कल असतो.

प्रारंभी चित्रफीत किती वेळा पाहिली गेली, या संख्येस महत्त्व होते. परिणामी फसव्या शीर्षकांना उत्तेजन मिळाले. २०१२ मध्ये त्याऐवजी पाहण्यात व्यतीत झालेला वेळ प्रमाण मानण्यात आला. दर्शनसंख्या लगेच घटली, तरी निर्णय कायम राहिला; २०१६ मध्ये पाहण्याचा एकूण वेळ दररोज १०० कोटी तासांवर गेला. तथापि प्रेक्षकाला खिळवून ठेवणारी चित्रफीत विश्वसनीय असतेच असे नाही. म्हणून प्रेक्षकांचे समाधान प्रश्नावलींद्वारे अजमावण्यात येऊ लागले आणि २०१९ पासून घातक गैरसमज पसरविणाऱ्या चित्रफितींच्या शिफारशी कमी करण्यात आल्या.

२०१७ मध्ये अतिरेकी प्रचाराच्या चित्रफितींबरोबर आपल्या जाहिराती दिसत असल्याचे आढळल्याने अनेक मोठ्या जाहिरातदारांनी त्या थांबविल्या. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये जाहिरात-उत्पन्नासाठी किमान १,००० सदस्य व मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन, ही अट जाहीर झाली. तीमुळे तपासणीचा भार हलका झाला. परंतु ही कसोटी दर्जाची नसून आकारमानाची होती. लहान वाहिन्या, त्यांतील चित्रफिती चांगल्या असल्या तरी, उत्पन्नास मुकल्या. उलट मोठ्या वाहिनीचा सवंगपणा या अटीने अडत नव्हता. दर्जा थेट मोजता येत नसल्याने त्याच्या जागी एखादे सुलभ माप योजावे लागते आणि वाढीबरोबर त्या मापातील उणीवही वाढत जाते, ही या व्यवसायातील मूलभूत अडचण होय.