मेडिकलच्या भिंतीवर टांगलेले आपले प्रमाणपत्र

बारावी विज्ञानचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. डॉक्टरकीला नंबर लागत नाही, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, मग पोराला ‘डी. फार्मसी’ला घालावे काय? आम्ही सांगतो, जरूर घालावे. दोन वर्षांची पदविका, त्यानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, आणि राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी. एवढे झाले की आपल्या वस्तीतला मुलगा कायद्याने ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट’ होतो. मात्र या तीन पायऱ्यांवर प्रस्थापित व्यवस्थेने आपल्यासाठी काय काय मांडून ठेवले आहे, हे समाजाने समजून घेतले पाहिजे. पुष्कळ मुले पदविका घेतात आणि पदविकेचे भाडे खात बसतात. त्याविषयी पुढे लिहूच.

आपल्या समाजाला औषध आणि ते देणारा हात यांचा संबंध कोणी शिकवायला नको. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंतीण बायको आजारी, आणि डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठच्या हमीवर दोन रुपये फी ठरवून तो आला, पण थर्मामीटर त्याने मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. आणि परत येताना तोच क्रम. दिव्याच्या उजेडात लांबूनच न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे डॉक्टर पुन्हा आला नाही आणि ती माउली गेली. त्या डॉक्टरला विद्या होती, औषधही त्याच्याजवळ होते. आज त्याच औषधांच्या काउंटरमागे आपला मुलगा कायद्याच्या अधिकाराने उभा राहू शकतो, ही साधी गोष्ट नव्हे.

हा अधिकार 1948 च्या फार्मसी कायद्याने दिला. त्या कायद्याचे कलम 42 म्हणते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करण्याचा, मिसळण्याचा वा देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. 1945 च्या औषध नियमांतील नियम 65 ही अट दुकानापर्यंत आणतो. चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. म्हणजे दुकानमालक कितीही धनदांडगा असो, फार्मासिस्टच्या नावाशिवाय त्याला किरकोळ विक्रीचा परवाना मिळत नाही. जुन्या काळी ‘कंपाउंडर’ म्हणून ज्याला हाक मारली जाई, तोच आज सरकारी दवाखान्यात ‘औषध निर्माण अधिकारी’ या पदनामाने सही करतो.

आता शिक्षणाकडे येऊ. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यासोबत जीवशास्त्र किंवा गणित लागते. महाराष्ट्रात या पदविकेची परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. 2020 च्या नव्या शिक्षण नियमांनी अभ्यासक्रम बदलला. पहिल्या वर्षी ‘सोशल फार्मसी’ नावाचा विषय आला, दुसऱ्या वर्षी फार्मसीचा कायदा व नीतिशास्त्र आहे. आमच्यासारख्या वकिलाला हे बरेच वाटते. पण अडचण भाषेची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत शिकलेले पोर पहिल्या सहामाहीतच इंग्रजीच्या पुस्तकापुढे गांगरते आणि ‘मला जमणार नाही’ म्हणून घरी परतते. अशा पोरांसाठी बुद्ध विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. डी.जे.च्या वर्गणीतून एखाद्या शिक्षकाचे मानधन सहज निघेल.

महाविद्यालयांचे पीकही जोरात आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2019 मध्ये नवीन महाविद्यालयांना पाच वर्षे बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती रद्द केली, कारण कायद्याचा आधार नसताना संस्था काढण्याचा हक्क असा रोखता येत नाही. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच. पण त्याचा अर्थ प्रत्येक पत्र्याच्या शेडला प्रवेश घ्यावा असा नाही. प्रवेशापूर्वी कौन्सिलच्या मान्यतेची त्या वर्षाची नोंद पाहावी, प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहावी. मान्यता नसलेल्या संस्थेच्या पदविकेवर नोंदणी होत नाही, मग शिष्यवृत्ती गेली, वर्षेही गेली.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची, बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. आज अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ती मिळते. प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधताना घरातल्या ट्रंका उपसाव्या लागतात. हे काम दहावीतच सुरू करावे, बारावीच्या निकालानंतर नव्हे. आणि 2021 च्या सुधारणेनंतर केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. तो सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. इथेच घोळ होतो. घरात आजारपण, सावकाराचा तगादा, बहिणीचे लग्न. खात्यात पैसे दिसले की खर्च होतात. आम्ही कोणाला दोष देत नाही, उपाशी घरात पैसा टिकत नाही. पण मग महाविद्यालय गुणपत्रिका आणि दाखला अडवून धरते. कागदपत्रे ही विद्यार्थ्याची मालमत्ता आहे, ती फीसाठी तारण म्हणून ठेवता येत नाहीत. फीची वसुली करायची तर कायद्याने करा. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे प्रत द्यावी. तोंडी भांडून काही हाती येत नाही.

500 तासांच्या प्रशिक्षणाचीही अशीच कथा. रोज सहा तास धरले तर सुमारे 84 दिवस होतात. नियम सांगतो, किमान तीन महिन्यांत विभागून करा. हे प्रशिक्षण रुग्णालयात करता येते किंवा परवानाधारक दुकानात. दुकानदार शिक्का मारून देतो आणि पोरगा 500 तासांपैकी 50 तासही उभा राहत नाही, हे आम्ही पाहतो. जीवक तक्षशिलेत शिकत होता तेव्हा गुरूने त्याला सांगितले, योजनभर परिसरात औषध नसलेली एक तरी वनस्पती शोधून आण. तो रिकाम्या हाताने आला आणि गुरूने त्याला उत्तीर्ण केले. सालवतीने टाकून दिलेले, उकिरड्यावर सापडलेले ते मूल भगवान बुद्धांचा वैद्य झाले. तो त्या परिसरातली प्रत्येक वनस्पती स्वतः पाहून आला होता. सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात तीन महिने उभे राहिलेल्या मुलाला चिठ्ठी वाचता येते, ‘शेड्यूल एच वन’च्या औषधाची वेगळी नोंदवही तीन वर्षे का जपायची हे कळते. शिक्कावाल्याला ते कळत नाही. आणि 2022 च्या नियमांनी नव्या अभ्यासक्रमाच्या मुलांना नोंदणीआधी एक्झिट परीक्षाही लावली आहे. तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के, तेही एकाच प्रयत्नात. पदविका 40 टक्क्यांवर मिळते, नोंदणी नाही.

आता भाड्याचे. आमच्याकडे एक तरुण नोटीस घेऊन आला. नोंदणी झाल्यावर दुकान टाकायला भांडवल नाही, नोकरी नाही. शहरातल्या एका मेडिकलवाल्याने महिन्याला काही हजार देऊन त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले आणि हा पोरगा दुसऱ्या जिल्ह्यात कुरिअरच्या गोदामात कामाला. औषध निरीक्षक आला, फार्मासिस्ट गैरहजर, काउंटरवर दहावी नापास नोकर झोपेच्या गोळ्या देत होता. मालकाचा परवाना नियम 66 खाली काही दिवस निलंबित होईल, मग तो दुसऱ्या कोणाचे प्रमाणपत्र भाड्याने घेईल. पण या पोराचे नाव मात्र कलम 36 खाली नोंदवहीतूनच कमी होऊ शकते. ज्या कागदासाठी आईने धुणीभांडी केली, तो कागद मालकाचे दुकान वाचवण्यासाठी बळी जातो. पूर्वी आपल्याकडून वेठ घेतली जायची ती अंगमेहनतीची, आता कागदाची घेतली जाते. आणि ती झोपेची गोळी नेणारा माणूसही बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो.

भांडवलाची अडचण खरी आहे. दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा, फ्रीज आणि माल लागतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे कर्जाचे प्रस्ताव द्यावेत. जनऔषधी केंद्राच्या योजनेत अनुसूचित जातीच्या अर्जदारासाठी फर्निचर व संगणकाची विशेष मदत ठेवलेली आहे. दोघा-तिघा फार्मासिस्टनी मिळून भागीदारीत दुकान काढले तर पाळ्या लावून प्रत्यक्ष हजर राहता येईल.

ज्यांचे प्रमाणपत्र आज कोणाच्या तरी भिंतीवर आहे त्यांनी या आठवड्यात एवढे करावे. मालकाला लेखी राजीनामा द्यावा, त्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्यातील सहायक आयुक्तांना (औषधे) द्यावी, दोन्हीकडची पोच घ्यावी आणि मूळ प्रमाणपत्र ताब्यात घ्यावे. मालकाने ते दिले नाही, तर तक्रार करावी. त्या कामी आम्ही व आमचे वकील मित्र फी घेत नाही.