गिअर ऑइल : पाच म्हणजे चारहून सरस नव्हे

गिअर ऑइलच्या डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' असा दर्जा छापलेला असतो. मोठा आकडा म्हणजे चांगले तेल, हा वाहनधारकांचा समज गिअरबॉक्सला महागात पडू शकतो. डिफरन्शिअलमध्ये क्राउन-पिनियनचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. त्यासाठी जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने जीएल-४च्या सुमारे दुप्पट असतात. गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना मात्र हीच रसायने, तेल तापल्यावर, पोखरू शकतात. शिवाय या कड्यांना पकडीपुरते घर्षण लागतेच. ते घटले की गिअर टाकताना खरखर सुरू होते. '८०डब्ल्यू-९०' हा आकडा केवळ दाटपणाचा. त्यावरून दर्जा ठरत नाही. वाहनाच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे. वरून अ‍ॅडिटिव्ह ओतण्याची गरज सहसा नसते. अपवाद क्लचपट्ट्यांच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलचा : तेथे घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य लागते, आणि तेही काही तेलांत आधीच मिसळलेले असते.